मेश्राम मॅडमचं शून्य

मेश्राम मॅडम आमच्याकडे यायच्या तेव्हा आधी त्यांचं नाक आत यायचं आणि मग त्या. दार उघडलं की उंबऱ्यावरच जरा थांबायच्या, मान किंचित वर करायच्या आणि निकाल द्यायच्या. "काल सुरमई होती. आज डाळ खाली लागली. आणि मोरीत कोणीतरी ओलं फडकं विसरलंय." फडकं सापडायचं. आई ओशाळायची आणि आतून चांगले कप काढायची. मॅडमना कुणाला ओशाळं करायचं नसे. दुसरा माणूस जसा भिंतीवरचं कॅलेंडर बघून "अरे, एकादशी आहे आज" म्हणेल, तसंच त्या हे म्हणायच्या.

शोभा मेश्राम मूळच्या भंडाऱ्याकडच्या. घाटकोपरच्या एका कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि कांजूरमार्ग पूर्वेला आमच्या पूर्वरंग सोसायटीत, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. लग्न का केलं नाही असं कुणी चोंबडेपणाने विचारलंच तर सांगायच्या, "डोळ्यांत भरले होते दोघंतिघं. नाकात एकही नाही."

त्यांच्या प्रयोगशाळेत 'घाण वास' हा शब्द उच्चारायला बंदी होती. गंधकाची परीक्षानळी तापली, पोरांनी नाकं दाबली आणि कुणी म्हणालं की मॅडम, घाण वास येतोय, की त्या म्हणायच्या, घाण हे तुझं मत झालं, वास कुठला ते सांग. मग त्या पोराला वासाला नाव द्यावं लागायचं. कुबट, आंबूस, खवट, करपट, उग्र, ओशट. मराठीत वासाला इतके शब्द आहेत हे त्या पोरांना मराठीच्या तासाला कधी कळलं नव्हतं. दुसरा नियम असा, की प्रयोगात आलं ते लिहायचं, यायला हवं होतं ते नाही. पुस्तकातलं उत्तर बघून आकडे जुळवणाऱ्यांना त्या परत पहिल्यापासून प्रयोग करायला लावायच्या. त्यांचे विद्यार्थी आता टक्कल पडलेले गृहस्थ झालेत, पण मुलुंडच्या बाजारात मॅडम दिसल्या की अजून सरळ उभे राहायचे.

आता आमच्या सोसायटीबद्दल सांगायला हवं. पूर्वेला हायवे, हायवेपलीकडे शहराच्या कचऱ्याचं डम्पिंग, त्यापलीकडे खाडी. वारा फिरला की संध्याकाळी जे यायचं ते यायचं. आम्ही त्याला वास म्हणत नाही. आम्ही त्याला 'ते' म्हणतो. "आज ते जरा जास्त आहे, खिडकी ओढून घे." एवढंच. पाहुणे यायचे असले की दुपारपासून घर बंद, उदबत्त्या, कापूर, आणि तरी कुणी नाक उडवलंच तर "ड्रेनेजचं काम चाललंय वाटतं कुठेतरी." गेली कित्येक वर्षं आमच्याकडे ड्रेनेजचं काम चालू आहे. माझे आजोबा गिरणीत होते. लालबागची खोली सोडून आम्ही इथे आलो ते स्वतःचा फ्लॅट, लिफ्ट, दोन बाल्कन्या म्हणून. गावाकडे सांगताना आई अजून बाल्कन्यांपासून सुरुवात करते.

मॅडमचा आणि परदेशी संशोधकांचा संबंध आला तो भांडणातून. युरोपात उत्तरेकडच्या एका विद्यापीठात इंग्रिड नावाच्या बाई वासांवर काम करतात. त्यांनी केलेलं, वासांची नावं गोलात मांडलेलं एक चक्र मॅडमनी इंटरनेटवर पाहिलं आणि लगेच इमेल ठोकला, की तुमच्या चक्रात ओला कुत्रा आहे, निळं चीज आहे, पण कुबट नाही. पावसाळ्यात अर्ध्या जगाच्या कपाटाला जो वास येतो तो तुम्ही सोडलात कसा? इंग्रिड भली बाई. तिने उलट लिहिलं की कुबट म्हणजे काय ते मला समजावून सांगा. समजावता समजावता दोघींचं गूळपीठ जमलं आणि त्यातून आमचा प्रकल्प निघाला. डम्पिंगजवळ राहणाऱ्या लोकांनी रोज संध्याकाळी मोबाइलवरच्या ॲपमध्ये आपल्याला किती वास येतो ते शून्य ते दहा यात नोंदवायचं. गच्चीवर एक पेटी बसवायची, ती हवेतले वायू मोजणार. पेटी आणि माणसं, दोन्हींचा मेळ घालायचा. मॅडम इथल्या प्रमुख. भाषांतर आणि आकड्यांचे तक्ते करायला त्यांनी मला घेतलं. मी अंधेरीची नोकरी सोडून घरीच बसले होते. "घरी बसून नाक मुरडण्यापेक्षा नाकाचं काम कर," म्हणाल्या.

इंग्रिडकडची सकाळ ती आमची दुपार. जेवणं आटोपली की मी वर जायचे. लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर, त्याखाली उंची यावी म्हणून पोह्यांचा डबा. मॅडम खांद्यावर नीट पदर घ्यायच्या, घरातल्या सगळ्या खिडक्या लावायच्या आणि मीटिंग सुरू व्हायच्या आधी उदबत्ती लावायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच फुटलं. मी म्हटलं, मॅडम, वास काय वायरीतून जातो का? त्याही हसल्या. म्हणाल्या, "सवय वं पोरी. कोणी येणार म्हटलं की हात आपोआप काडेपेटीकडे जातो."

इंग्रिड त्यांना 'शोभा' म्हणायची. कॉलेजात त्या मॅडम, सोसायटीत मेश्राम बाई. वडील गेल्यापासून त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. इंग्रिडने 'शोभा' म्हटलं की त्या खुर्चीत जरा सावरून बसायच्या. इंग्रिडचा हाताखालचा टोमास नावाचा एक उंच, हडकुळा मुलगा होता. मीटिंग सुरू झाली की मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला, जेवलास का? एकदा तो प्रामाणिकपणे नाही म्हणाला. मॅडमनी मीटिंग थांबवली. तो बिचारा उठून पाव घेऊन आला आणि इंग्रिड, मी आणि मॅडम यांच्यादेखत त्याने तो खाल्ला. मग आम्ही हायड्रोजन सल्फाइडकडे वळलो.

इंग्रिडच्या चक्राचं मराठी चक्र करायला आम्हाला दोन महिने लागले. चीज काढून मॅडमनी परवाचं इडलीचं पीठ घातलं. ओल्या कुत्र्याच्या जागी भिजलेलं गोणपाट आलं. टोमासने विचारलं की गोणपाटाचा वास सगळ्यांना माहीत असतो का, तर मॅडम म्हणाल्या की ज्याला माहीत नाही तो विसाव्या मजल्यावर राहतो, त्याला विचारू नकोस. इतक्या खुशीत मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

घोटाळा झाला तो उद्घाटनाच्या दिवशी. मॅडमनी भाग घेणाऱ्या सगळ्या घरांना सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं होतं. भिंतीवर मोठ्या पडद्यावर इंग्रिड आणि टोमास. सेक्रेटरी महाडिक काकांनी पडद्याला हार घालायचा का असंही विचारलं होतं. त्या संध्याकाळी वारा नेमका खाडीवरून होता आणि 'ते' इतकं होतं की काकांची स्वतःची नात फ्रॉकचं टोक नाकाला लावून बसली होती. ओळखीपाळखी झाल्यावर इंग्रिड हसतमुखाने म्हणाली, चला, आत्ताच करून पाहू, प्रत्येकाने आपला आकडा सांगा.

महाडिक काका उभे राहिले. "झिरो, मॅडम," म्हणाले, "व्हेरी फ्रेश." काकांच्या मुलीचं तेव्हा बघण्याचं चाललं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यानंतर डिसोझा आंटी, शून्य. शिंदेंचं घर, शून्य. माझी आई पदर सावरत उठली आणि शून्य म्हणून बसली. माझ्यावर आलं तेव्हा मीही शून्यच म्हटलं. आई शून्य म्हणाल्यावर तिच्या शेजारी बसून मी काय आठ म्हणणार होते? सगळ्यात शेवटी मॅडम. त्यांच्याकडे सगळं ऑफिस बघत होतं. कसं बघत होतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही, पण बाई, तुम्ही आमच्यातल्या आहात ना, असा काहीसा त्याचा अर्थ होता. मॅडमनी एकदा महाडिक काकांच्या मुलीकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "झिरो."

त्यानंतर माघार कशी घ्यायची? रोज संध्याकाळी घराघरांतून शून्यं यायला लागली. कुणी फार प्रामाणिक असला तर एक. मी ती तक्त्यात भरत होते आणि शेजारच्या रकान्यात गच्चीवरच्या पेटीचे आकडे डोंगरासारखे चढत होते. वरून, मॅडमच्या घरातूनही रोज शून्यच यायचं. मी मॅडमना त्याबद्दल विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही. आम्ही दोघी स्पेलिंगच्या चुका काढत बसायचो.

इंग्रिडला मात्र या शून्यांत काहीतरी मोठं सापडलं. एका दुपारी ती फार आनंदात होती. तिचं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं एकाच वासात राहून या लोकांची नाकं मेली आहेत, त्यांना आता तो कळतच नाही. इतकं ठळक उदाहरण आजवर कुणाला मिळालं नव्हतं म्हणे. ती शोधनिबंध लिहायला घेणार होती आणि त्यावर पहिलं नाव शोभा मेश्राम यांचं असणार होतं. आयुष्यभर शिकवण्यात गेलं, असं पहिलं नाव मॅडमना कधी लाभलं नव्हतं. मला वाटलं त्या खुलतील. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

निबंधाचा मसुदा आला तेव्हा कागद घेऊन त्या आमच्याकडे आल्या. दारात थांबल्या नाहीत, निकाल दिला नाही. सोफ्यावर बसून एक ओळ मला वाचायला लावली. या वस्तीतल्या लोकांना दुर्गंधी आता जाणवत नाही, अशा अर्थाची ती ओळ होती. त्या म्हणाल्या, हे छापलं की उद्या कुणीही म्हणेल, त्यांना काही त्रासच नाही, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय, टाका अजून दहा वर्षं कचरा तिथेच. आणि खाली सही माझी.

मी म्हटलं, मग खरं ते कळवून टाकू या. बोलून गेले, पण आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि ती चटकन म्हणाली, "परदेशातल्या माणसांना काय सांगायचं? आमचं घर घाण मारतं?"

मॅडमनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या गावात त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वस्तीला लागून हाडांचं गोदाम. वस्तीवरून जाताना गावातल्या बाया नाकाला पदर लावायच्या. "वास होता का? होता," मॅडम म्हणाल्या. "मलेही यायचा. पण तो गोदामाचा होता. त्यांना वाटे आमच्या अंगाचाच आहे. शाळेत माझ्या शेजारी बसणारी पोरगी श्वास धरून बसायची. मी घरून दोनदोनदा आंघोळ करून जायची." म्हणून त्या रसायनशास्त्राकडे वळल्या. वास जागेचा असतो, माणसाचा नसतो, हे त्यांना कागदावर सिद्ध करून पाहिजे होतं. "आणि त्या दिवशी इंग्रिडनं विचारलं, तर मी पुन्हा आंघोळ करून बसली," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण मान खाली होती, आणि मी त्यांना मान खाली घातलेलं पहिल्यांदा पाहत होते. मला फार लाज वाटली. मी घाईघाईने कप उचलून आत गेले.

पुढच्या मीटिंगला त्यांनी उदबत्ती लावली नाही. खिडक्या उघड्या होत्या आणि भर दुपारीच फिरलेला वारा आत येत होता. टोमासला जेवलास का तेही विचारलं नाही. इंग्रिड मसुद्याबद्दल बोलायला लागली. म्हणाली, शोभा, तुझं नाक तर शिकलेलं आहे, तुझी स्वतःची शून्यं हाच आपला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. तिथे मॅडमनी तिला थांबवलं. इंग्रजीत बोलल्या, अडखळत, पण एकेक शब्द तोलून.

"इंग्रिड, माझं शून्य खोटं आहे. मला वास येतो. रोज येतो. आत्ताही येतोय. इथे सगळ्यांना येतो. तुम्ही पाहुणे होतात, म्हणून आम्ही सांगितला नाही."

इंग्रिडला कळेना. ती म्हणाली की पण मी तर तिथे नव्हतेच, मी पडद्यावर होते, आणि आपण पाहुणे नाही, सहकारी आहोत. मॅडम म्हणाल्या, आमच्यात दाराशी आला तोही पाहुणा असतो, तू तर थेट आत घरात आली होतीस. इंग्रिडने चष्मा काढला. पलीकडे टोमास खाली बघत काहीतरी लिहीत राहिला. शेवटी तिने हळू आवाजात विचारलं की मग खरा आकडा किती. मॅडमनी खिडकीकडे तोंड केलं, एकच श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आज नऊ. कुजकट, वर करपट. कुठेतरी आगही लागली असेल."

इंग्रिड रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मॅडमचे आभार मानले, ही गोष्ट सांगायला धैर्य लागतं असं काहीतरी म्हणाली आणि मग कामाचं बोलली. निबंध मागे घ्यावा लागेल. सगळ्या नोंदी रद्द. तिच्या विद्यापीठाला कळवावं लागेल. मीटिंग संपल्यावर मॅडम काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या. "आलं ते लिहा, यायला हवं ते नको," म्हणाल्या, "पोरांना किती छळलं मी यावरून." मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

काही दिवसांनी इंग्रिडचा इमेल आला. ती पुन्हा करू म्हणत होती, पण पैसे देणाऱ्यांचं मत वेगळं पडलं. पुढचा अभ्यास फक्त पेट्यांचा होणार होता. पेटीला लाज नसते, एवढं त्यांना आमच्यावरून कळलं असावं. ॲप बंद झालं. आमच्या नाकांना कुणीतरी काही विचारलं होतं, आणि ती संधी आम्ही ड्रेनेजच्या कामात घालवली.

सोसायटीत ही बातमी पसरायला एक संध्याकाळ पुरली. मॅडमनी स्वतःच महाडिक काकांना सांगितलं होतं. काकांना ते मागून कळलेलं मॅडमना चाललं नसतं. काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमची अब्रू वेशीवर टांगलीत यार. माझ्या पोरीचं जमत आलंय." मॅडमनी त्यांची माफी मागितली. खोटं बोलल्याची नाही, मुलीचा विचार करून इतके दिवस गप्प बसल्याची. ते काकांना आणखीनच झोंबलं. मग गणपतीच्या मीटिंगचं बोलावणं त्यांच्या दारापर्यंत पोचलं नाही. एकदा लिफ्टमध्ये डिसोझा आंटी, शिंदे, मी आणि दुसऱ्या विंगमधले एक गृहस्थ होतो. ते गृहस्थ म्हणाले, "त्यांना सवय असते हो वासाची. त्यांचं काय जातं सांगायला." 'त्यांना' म्हणजे कुणाला ते न कळायला आम्ही काही लहान मुलं नव्हतो. लिफ्टमध्ये आम्ही बाकीचे तिघं वरच्या आकड्यांकडे बघत राहिलो. ती लाज माझ्या अंगावरून अजून उतरलेली नाही.

मॅडमचं नागपूरला धाकट्या भावाकडे जायचं ठरलं. भाऊ आजारी होता, हे खरंच होतं. आदल्या दिवशी निरोप घ्यायला त्या आमच्याकडे आल्या. संध्याकाळ होती, वारा खाडीवरून होता. दारात उभ्या राहून त्या मान वर करतील म्हणून मी वाट बघत होते, पण त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, बसत नाही, सामान बांधायचं आहे. आई त्यांना आत घेऊन आली. आमच्या आईची एक गंमत आहे. ती बाहेरच्यांशी पुस्तकी मराठी बोलते, अगदी जपून, आणि मालवणी फक्त घरच्यांशी. इतक्या वर्षांत मॅडमशी ती 'आपण बसावं, चहा घेणार का' असंच बोलत आली होती. चांगले कप काढून.

त्या दिवशी तिने कप काढले नाहीत. मॅडमसमोर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "शोभा गो, आज खूप वास येता. रोजच येता. सांगूक लाज वाटता."

मॅडमनी हात तसाच तिच्या हातात राहू दिला. आई म्हणाली, "नऊ असात. नाय, धाच. रश्मी, लिही गो."

मी मोबाइल हातात घेतला. लिहायला कुठे काही उरलं नव्हतं. मी तशीच मोबाइलकडे बघत बसले, कारण वर बघायची हिंमत होईना.

"असू द्या वहिनी," मॅडम म्हणाल्या, "मले सांगितलं ना तुम्ही." आणि त्या उठून मधल्या खोलीतून सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, स्वतःच गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.